वुमकर नावाचा कोणी नव्हता

कुही तालुक्यात मांढळ नावाचं गाव आहे. नागपूरहून उमरेड रस्त्याने निघालं की पाचगावच्या पुढे कुहीकडे वळायचं आणि कुही मागे टाकून पुढे जायचं. 1970 च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या मंडळींनी तिथे उत्खनन केलं. त्याच गावात वाकाटक राजांचे ताम्रपटही मिळाले. दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन, दुसरा पृथ्वीषेण ही नावं दीड हजार वर्षं इथल्या काळ्या मातीत निपचित पडून होती. राजांची नावं इतर पटांवरूनही कळतात. मला गंमत वाटते ती त्यापुढच्या मजकुराची, जमीन कुणाला दिली त्याच्या नावाची आणि गोत्राची. त्या माणसाने ना लढाई जिंकली, ना देऊळ बांधलं. तांब्यात नाव कोरलं गेलं, एवढ्या भांडवलावर तो आजवर तगला.

ताम्रपट वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कोरणारा कारागीर बहुधा समोरच्या मसुद्यावरून अक्षरं उतरवत असे आणि उतरवताना चुकत असे. मात्रा राहते, 'प'चा 'ष' होतो, एखादं अक्षर गळतं. मग पंधराशे वर्षांनी कोणी विद्वान त्या नावाखाली टीप देतो की इथे अमुक वाचावे.

अशीच एक टीप 1918 साली फ्रान्समध्ये पुरलेल्या एका मराठी पोराच्या नावाखाली द्यावी लागली. तो लढाऊ विमानाचा वैमानिक होता. जर्मनांनी त्याला पुरलं तेव्हा नोंदीत नाव लागलं 'ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर'.

वुमकर नावाचा कोणी नव्हता. तो होता लेफ्टनंट श्रीकृष्ण चंदा वेलिंकर, राहणार मुंबई, शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात, वय 23.

आडनावाचा हा रोमन अवतार वाचून मराठी माणूस क्षणभर अडखळतो. गोव्यात फोंड्याजवळ वेलिंग आहे, तिथल्या लक्ष्मीनृसिंहाला कुलदैवत मानणारी घराणी मुंबईत पुष्कळ. वेलिंगचा तो वेलिंगकर. मधला 'ग' इंग्रजी कागदावर गळला असावा, असं मला वाटतं. मधलं नावही कुठे 'चंदा', कुठे 'चुंडा' असं लागलं आहे. म्हणजे जर्मन कारकुनाच्या हाती पडण्याआधीच या नावाची थोडी पडझड झाली होती. या लेखात मी इंग्रजी कागदाला धरून वेलिंकर असंच लिहितो.

त्याचा जन्म 1894 चा. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं अशी एक कथा आपण मोठ्या हौसेने सांगत आलो आहोत. तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. त्या उड्डाणाला टिकेल असा पुरावा नाही, पण कथा मात्र कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. उलट ज्या मुंबईकराने खरोखर विमान उडवलं, शत्रूच्या मुलखावर नेलं आणि त्यातच जीव गमावला, त्याचं नाव दहा जणांना विचारा. मी विचारून पाहिलं आहे. आपल्याला न उडालेलं विमान जास्त आवडतं, असं माझं कडवट मत झालं आहे.

तो वैमानिक झाला कसा, हे समजायला त्या वेळचा दरवाजा किती अरुंद होता ते पाहावं लागतं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत हिंदी माणूस सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर होई. 'किंग्ज कमिशन', म्हणजे गोऱ्या शिपायालाही हुकूम देता येईल असा अधिकार, त्याला नव्हता. सैन्यात तो हक्क हिंदी लोकांना देण्याची सुरुवात झाली ऑगस्ट 1917 मध्ये, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. पण महायुद्धाने एक नवीनच खातं फार वाढवलं होतं, रॉयल फ्लाइंग कोअर. तिथे माणसं इतक्या झपाट्याने मरत होती की पात्रतेच्या जुन्या कल्पनांना आपोआप भोकं पडू लागली.

त्या भोकांतून चार हिंदी तरुण आत शिरले. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि वेलिंकर. चौघेही इंग्लंडमध्ये शिकत असलेले, खात्यापित्या घरचे. यांतल्या मलिकांची गोष्ट सर्वांत तपशिलात कळते, कारण ते जगले आणि त्यांनी ती सांगितली. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यांना आधी नकार मिळाला. मग ते फ्रेंच रेडक्रॉसमध्ये रुग्णवाहिका चालवायला गेले आणि तिथून फ्रेंचांच्याच हवाई दलात जाण्याची खटपट करू लागले. त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींना हे कळलं. फ्रेंचांना चालतो तो आपल्याला का चालत नाही, असा सवाल त्यांनी थेट फ्लाइंग कोअरच्या जनरलला केला. एप्रिल 1917 मध्ये मलिकांना कमिशन मिळालं. पगडीवर बसेल एवढं मोठं हेल्मेट त्यांना मुद्दाम शिवून घ्यावं लागलं. वेलिंकरही त्याच वर्षी या खात्यात आला. त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगायला तो उरला नाही.

1 एप्रिल 1918 रोजी फ्लाइंग कोअर आणि नौदलाचं हवाई खातं एकत्र करून रॉयल एअर फोर्स जन्माला आली. त्यामुळे भरती एका दलात आणि मरण दुसऱ्यात, असं वेलिंकरच्या बाबतीत झालं. त्याची तुकडी 23 क्रमांकाची स्क्वाड्रन. त्या वसंतात या स्क्वाड्रनकडची फ्रेंच स्पॅड विमानं जाऊन सॉपविथ डॉल्फिन आली.

डॉल्फिनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण विमान पाहिल्याशिवाय वैमानिक दिसत नाही. दोन मजली पंखांचं हे एकासनी विमान. तेव्हाच्या बऱ्याच विमानांत वरचा पंख खालच्याच्या किंचित पुढे असे, यात तो मागे ओढलेला होता. वरच्या पंखाच्या मधल्या सांगाड्यातून वैमानिकाचं डोकं बाहेर निघे, विहिरीच्या कठड्यावरून कोणी डोकवावं तसं. त्यामुळे वरचं आणि पुढचं आकाश मोकळं दिसे, आणि लढाईत हा मोठाच फायदा. पण उतरताना विमान उलटलं तर सर्वांत आधी जमिनीला लागणार ते डोकंच. पहिल्या पहिल्यांदा वैमानिक या विमानाला बिचकत ते याच कारणाने. इंजिन 200 अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा. त्याचे दातेरी चाकांचे जोड वरचेवर दगा देत. पुढे दोन मशीनगन नेमाने, आणि वर आणखी एक-दोन तिरप्या बसवायची सोय. चार लहान बॉम्बही नेता येत. बॉम्बर म्हणून ते बनवलेलं नव्हतं, पण 1918 च्या धामधुमीत लढाऊ विमानांनाही खंदकांवर बॉम्ब टाकायला धाडत असत. फ्रान्समध्ये डॉल्फिन वापरणाऱ्या स्क्वाड्रन चारच, आणि वेलिंकरची त्यांतली एक.

आघाडी होती सॉम नदीच्या काठची. 21 मार्चला जर्मनांनी शेवटचा मोठा जोर लावला आणि ते आमिएँ शहराच्या तोंडाशी येऊन थबकले. आमिएँ म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन, आपल्याकडचं भुसावळ समजा. ते पडलं असतं तर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांमधला सांधा निखळला असता. एप्रिलमध्ये शहरालगतच्या व्हिलेर-ब्रेतोनो गावापाशी रणगाड्याने रणगाड्याशी लढण्याचा जगातला पहिला प्रसंग घडला. त्याच्या तीनच दिवस आधी, 21 एप्रिलला, थोडं उत्तरेला रिश्टहोफेन हा जर्मनांचा 'लाल सरदार' पडला. मे आणि जूनमध्ये जमिनीवर दोन्ही फौजा एकमेकींकडे डोळे लावून बसल्या होत्या. आकाशात मात्र रोजची मारामारी चालू होती.

27 जून 1918. वेलिंकर गस्तीवर गेला आणि परतला नाही.

स्क्वाड्रनच्या लेखी तो 'बेपत्ता' झाला. या शब्दाची त्या काळातली गोम अशी की वैमानिक शत्रूच्या हद्दीत पडला तर आपल्या बाजूला त्याचं काहीच येत नाही. विमानाचा सांगाडा नाही, प्रेत नाही, प्रत्यक्ष पाहणारा असला तर तोही लढाईच्या गडबडीतला. मग वाट पाहायची ती शत्रूकडून येणाऱ्या निरोपाची. कधी रेडक्रॉसमार्फत यादी येई, कधी शत्रूची विमानं येऊन चिठ्ठी टाकून जात. एरोल सेन सप्टेंबर 1917 मध्ये असाच हरवला होता. नंतर कळलं की तो जिवंत आहे, कैदेत आहे. होल्झमिंडेनच्या ज्या छावणीत तो होता, तिथून जुलै 1918 मध्ये 29 कैदी बोगदा खणून निसटले. म्हणजे बेपत्ता झालेल्याच्या घरच्यांनी आशा धरून बसावं असे दाखले होते.

वेलिंकरच्या घरच्यांनी किती दिवस आशा धरली असेल, याचा विचार मी करतो तेव्हा एक तपशील फार बोचतो. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलंच नव्हतं. निरीक्षणाच्या फुग्यांत बसणाऱ्यांना होतं, विमान चालवणाऱ्यांना नाही. जागा नाही, वजन वाढतं, अशी कारणं सांगितली जात. वैमानिक विमान लवकर सोडून देतील अशी वरिष्ठांना धास्ती असल्याचंही बोललं जाई. जर्मनांनी मात्र त्याच उन्हाळ्यात आपल्या वैमानिकांना पॅराशूट द्यायला सुरुवात केली. लढाईत मोडलेल्या विमानातून पॅराशूटने उडी घेऊन वाचलेला पहिला जर्मन लढाऊ वैमानिक म्हणून हेल्मुट श्टाइनब्रेशर याचं नाव घेतात. त्याच्या उडीची तारीख 27 जून 1918, आणि आघाडी हीच. दोन दिवसांनी, 29 जूनला, एर्न्स्ट उडेट हा त्यांचा नामांकित वैमानिक तशीच उडी मारून वाचला. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवशी वेलिंकर जर्मन डॉक्टरांच्या हाताखाली होता. 30 जूनला तो गेला.

त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षं तो कुठेच नव्हता.

जर्मनांनी त्याला रुवरुआ इथे पुरलं, हुद्द्याला शोभेल अशा रीतीने. त्यांनी त्याला ओबरलॉयटनंट म्हटलं हे लक्षात घ्यायला हवं. हा लेफ्टनंटच्या तोडीचा त्यांचा हुद्दा. हिंदुस्थानातला माणूस अधिकारी कसा, हा प्रश्न लंडनच्या कचेऱ्यांना वर्षानुवर्षं पडला होता. जर्मन छावणीच्या कारकुनाला तो पडला नाही. गणवेश पाहिला आणि हुद्दा लिहिला. अडला तो नावापाशी.

का अडला असेल, यावर माझी एक अटकळ आहे आणि ती मांढळच्या ताम्रपटांवरून सुचली आहे. वेलिंकर हे नाव रोमन लिपीत घाईघाईने, अक्षरं एकमेकांना जोडत लिहून पाहा. पहिलं अक्षर ठळक. शेवटची तीन अक्षरं ठळक. मधे मात्र नुसत्या रेघा आणि एखादा वळसा. एकाला ती चार अक्षरं दिसतील, दुसऱ्याला दोनच. मजकुराची भाषा येत नसेल तर रेघा कुठे तोडायच्या ते कळत नाही. शिलालेख वाचणाऱ्यांचं दुखणं हेच असतं. जर्मन कारकुनाने त्या रेघा आपल्या अंदाजाने तोडल्या आणि 'वुम' तयार झालं.

पण शेवटचा 'कर' शाबूत राहिला.

इंग्लंडमध्ये वेलिंकरला ओळखणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने युद्ध संपल्यावरही त्याचा पिच्छा सोडला नाही. त्यातून चौकशी झाली आणि जर्मन नोंदींतला हा अनोळखी वुमकर पुढे आला. तारीख जुळली, हुद्दा जुळला, नावाची आद्याक्षरं जुळली. ब्रिटिश हवाई दलात वुमकर नावाचा अधिकारी नव्हता. मग त्या नावाखाली टीप पडली, इथे वेलिंकर वाचावे. मला राहून राहून वाटतं की ही यादी गिरगावातल्या एखाद्या चाळीत कोणी मोठ्याने वाचली असती, तर गॅलरीतल्या पोरांनीही ओरडून सांगितलं असतं की हा आपल्यातला आहे. पाटणकर, केळकर, नागपूरकर, वुमकर! ज्याचं गावच नकाशात नाही असा 'कर'. पण यादी गिरगावात येण्याचं कारण नव्हतं.

त्या पहिल्या महायुद्धात सुमारे 74,000 हिंदी सैनिक मेले. आपल्याकडे त्यांची आठवण गावागावांत भिंतीत बसवलेल्या फरशांवर आहे. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, एवढंच त्या सांगतात. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाचे 46 जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. फरशीवर बहुधा आकडा असतो, नाव नसतं. वेलिंकरचं उलट झालं. त्याच्यामागे गाव नव्हतं, फौजेची परंपरा नव्हती, गळ्यात हात घालून आठवणी सांगणारी पलटण नव्हती. त्याच्यामागे होतं फक्त नाव, आणि तेही चुकीचं.

इकडे कुही तेव्हा उमरेड तहसिलीत होती. नागपूर–नागभीडची छोटी रेल्वे सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. लोकांना 1918 साली ना जर्मन आठवत होता ना विमान. पावसाने दगा दिला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इन्फ्लुएंझाची साथ गावांतून फिरली. देशात सर्वांत जास्त झळ सोसलेल्या प्रांतांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड होते. हिंदुस्थानभर एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्यांची नावं कुणी लिहिली? कोतवालाने जन्म-मृत्यूच्या वहीत 'ताप' एवढं कारण टाकलं असेल तर पुष्कळ झालं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण फ्रान्समधल्या त्या एका थडग्यापायी केलेल्या खटाटोपाचं कौतुक करताना इकडचा हा ढीग नजरेआड होतो आणि मग लेख खोटा वाटू लागतो.

तरीही खटाटोप मोठाच होता. मे 1917 मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने काही नियम घालून दिले. प्रेत मायदेशी न्यायचं नाही, मग तो लॉर्डाचा मुलगा का असेना. सर्वांचा दगड एकाच मापाचा, जनरलचा आणि शिपायाचाही. विखुरलेली थडगी उकरून मोठ्या दफनभूमींत एकत्र आणायची. ज्याचं नाव कळणार नाही त्याच्या दगडावर काय कोरायचं ते शब्द रुडयार्ड किपलिंगने दिले. तोही मुंबईचाच, जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेला. त्याचा एकुलता एक मुलगा 1915 मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला, आणि बापाच्या हयातीत त्याचं थडगं सापडलं नाही. मुंबईच्या या दोन घरांतलं एक साम्राज्याचं भाट, दुसरं साम्राज्याच्या दारात उभं. मुलगा सापडला तो दुसऱ्याचा.

वेलिंकरचं थडगं आज आमिएँच्या आग्नेयेला हांगार नावाच्या खेड्यातल्या दफनभूमीत आहे. ऑगस्ट 1918 मध्ये कॅनडाच्या फौजेने ही जागा सुरू केली, आणि युद्धानंतर आसपासच्या लहान दफनभूमींतली थडगी इथे आणली गेली. शेजारीपाजारी बरेच जण निनावी आहेत.

दगडाच्या तळाशी चार शब्द कोरून घ्यायची मुभा नातलगांना असे. मर्यादा 66 अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, आणि दर अक्षराला साडेतीन पेनी. आपल्याकडे तार करताना शब्द मोजायचे तसा हा हिशेब. इंद्रलाल रॉयच्या घरच्यांनी या जागेचा वेगळाच उपयोग केला. हा एकोणीस वर्षांचा कलकत्त्याचा पोर जुलै 1918 मध्ये तेरा दिवसांत दहा विमानं पाडून 22 जुलैला स्वतः पडला. एस्तवेल गावातल्या त्याच्या थडग्यावर बंगालीत ओळ आहे. कोलकात्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे. 1998 मध्ये जन्मशताब्दीला तिकीट निघालं. बंगाली लोक आपल्या माणसाचं नाव बंगालीत लिहितात, ही साधी गोष्ट मला हेवा वाटण्याजोगी वाटते.

वेलिंकरच्या दगडावर मराठी नाही. इंग्रजी ओळ आहे. साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मानित स्मृतीस, असा तिचा अर्थ. अक्षरं मोजून पाहिली तर मर्यादेच्या आत बसते. या ओळीवर आज नाक मुरडणं सोपं आहे. ज्या साम्राज्याने कमिशनच्या दारात उभं ठेवलं, त्याचाच पुत्र! पण 1921 सालची मुंबई आठवून पाहा. परळच्या मैदानात परदेशी कापडाची होळी पेटलेली, युवराज आले तेव्हा दंगल झालेली. त्या गलक्यात ब्रिटिश गणवेशात मेलेल्या मुलाचं काय करायचं हे कुणालाच कळलं नसणार. साम्राज्य त्याला आपला म्हणत होतं. देश नव्या धांदलीत होता. हरदित मलिक पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले, ते सर्वांना आठवायला सोपे गेले.

दुसऱ्या महायुद्धात स्मरणाचा हाच तिढा आणखी मोठ्या मापाने आला. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे 55,573 जण मेले. एका लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात जण असत. विमान पडलं तर सातही घरांत एकाच दिवशी तार जाई. अशाच लँकेस्टरवर नॅव्हिगेटर म्हणून शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हा मराठी तरुण होता. तो डीएफसी हे शौर्यपदक मिळवून जिवंत परतला. त्याचंही आडनाव 'कर'वर संपतं, आणि त्याचंही नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक उभं राहायला 2012 साल उजाडलं. जर्मन शहरांवर केलेल्या बॉम्बफेकीबद्दल इंग्रजांच्याच मनात इतकी वर्षं अढी होती.

2019 मध्ये भारतीय टपाल खात्याने पहिल्या महायुद्धातल्या भारतीयांवर तिकिटांचा संच काढला. त्यात चारही वैमानिक आले, वेलिंकरसुद्धा. मृत्यूनंतर एकशे एक वर्षांनी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागपूर–नागभीडची छोटी रेल्वे मोठ्या रुळांसाठी बंद झाली. कुहीच्या स्टेशनावरची ती पिवळी पाटी मला अजून आठवते, दोन लिप्यांत नाव लिहिलेली. वरचं मराठी नाव कुणी वाचत नसे, ते सगळ्यांना पाठच होतं. हांगारच्या दगडावर नाव एकाच लिपीत आहे. तिथल्या फ्रेंच माळ्याने ते मोठ्याने वाचलं, तर पहिलं अक्षर तो 'व' असंच म्हणेल.